बुडबुडेशास्त्री

घरभाड्याच्या करारावर त्यांचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण आमच्या घरात ते कधी रुळलंच नाही. माझ्या नवऱ्यानं त्यांना 'बुडबुडेशास्त्री' म्हणायला सुरुवात केली आणि आता मुलीसकट सगळे तेच म्हणतो. एकदा मी त्यांच्या तोंडावरच 'शास्त्रीबुवा' म्हणून गेले. त्यांनी अर्थ विचारला. "विद्वान माणूस," मी म्हटलं. त्यांनी नुसती मान डोलावली. बातमी त्यांना जुनीच होती.

शास्त्रीबुवा आमचे घरमालक. व्हेनिसहून उत्तरेला डोंगराच्या दिशेनं निघालं की त्रेव्हिझो प्रांतातल्या टेकड्या लागतात. एका टोकाला कोनेल्यानो, दुसऱ्या टोकाला वाल्दोब्बियादेने आणि मधे पिएव्हे दि सोलिगो. हे आमचं गाव. नवऱ्याची नोकरी जवळच्या कारखान्यात, म्हणून आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं. खाली शास्त्रीबुवा, त्यांची बायको आणि तळघरात बाटल्या. खिडकीतून दिसतात त्या सगळ्या टेकड्यांवर प्रोसेकोचे, म्हणजे इथल्या फेसाळ वाइनचे वेल. उतार इतके उभे की कापणी हातानंच करावी लागते. गवताच्या अरुंद पायऱ्यांवर वेलांच्या रांगा अशा काही बसवल्या आहेत की 2019 साली युनेस्कोनं या टेकड्या जागतिक वारशाच्या यादीत घातल्या. त्याबद्दल शास्त्रीबुवांना विचारलं तर म्हणतात, "उशिरा का होईना, त्यांना कळलं."

वय सत्तरीच्या पुढे. अंगानं काटक, भुवया मात्र दाट. शर्टाच्या खिशात चष्मा, पेन्सिल आणि थर्मामीटर. हा थर्मामीटर तापाचा नाही, बाटलीचा. प्रोसेको 6 ते 8 अंशांवर प्यायची असते. 9 झाले की शास्त्रीबुवांना स्वतःलाच ताप आल्यासारखं होतं.

त्यांचा आवडता शब्द 'दिपेन्दे'. म्हणजे 'ते अवलंबून आहे'. आज पाऊस पडेल का? दिपेन्दे. नळ दुरुस्त करायला माणूस कधी येईल? दिपेन्दे. आमच्या न्हाणीघराचा नळ बरेच दिवस या एका शब्दावर गळत होता. पण "या पदार्थाबरोबर कुठली प्रोसेको?" असं विचारलंत, की त्याच 'दिपेन्दे'नंतर ते खुर्ची ओढून घेतात आणि तुमचा अर्धा तास गेला म्हणून समजा. दुसरा शब्द 'ओस्त्रेगा!' हा या भागातला उद्गार. आनंद, आश्चर्य, संताप, सगळ्याला चालतो. बूच नीट निघालं की ओस्त्रेगा, गुडघा दुखला की ओस्त्रेगा, विजेचं बिल आलं की दोनदा.

बाटली उघडणं हा विधी आहे. बादलीत बर्फ, बर्फात पाणी, पाण्यात मूठभर मीठ. नुसता बर्फ टाकणाऱ्याकडे ते दयेनं पाहतात, कारण बाटलीला थंडी पाण्यातून लागते, बर्फाच्या खड्यांमधल्या हवेतून नाही. मग बुचावरचा कागद सोलायचा. तारेची जाळी सहा अर्ध्या वेढ्यांत सुटते, ते वेढे मोठ्यानं मोजायचे. अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बूच घट्ट धरायचं आणि फिरवायची ती बाटली. आवाज? आवाज होताच कामा नये. "ठो करून बूच उडवायचा हक्क," ते सांगतात, "मोटारींची शर्यत जिंकणाऱ्याला. तुम्ही काय जिंकलंत?"

त्यांची बायको, म्हणजे आमच्या शास्त्रीणबाई, नेमक्या या क्षणी स्वयंपाकघरातून जोरात टाळी वाजवतात. शास्त्रीबुवा दचकतात आणि बूच सुटतं. ठो! हे मी इतक्या वेळा पाहिलंय की तो आता विधीचाच भाग आहे असं मला वाटतं.

मग ग्लास. उंच, निमुळता, सिनेमात दिसतो तसला ग्लास त्यांना चालत नाही. "त्यात नाक कुठे घालायचं?" त्यांना ट्यूलिपच्या कळीसारखा, मधे फुगीर आणि वर आत वळलेला लागतो. साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो, म्हणून ते ग्लास नुसत्या गरम पाण्यानं धुतात आणि तागाच्या कापडानं पुसतात. त्या कापडाला दुसऱ्या कुणी हात लावलेला मी पाहिलेला नाही.

ओतून झालं की परीक्षा. "वास घ्या. कशाचा येतो?"

अपेक्षित उत्तरं अशी: हिरवं सफरचंद, नाशपाती, पांढरं पीच, पांढरी फुलं, जमलं तर विस्टेरियाचा जांभळा घोस. मी पाठ केली आहेत, त्यामुळे पास होते. आमची मुलगी ग्लास न घेताच नुसता वास घेते आणि "पेअर ड्रॉप गोळी" म्हणते. ते उत्तर शास्त्रीबुवांनी विचारांती स्वीकारलं. माझा नवरा मात्र प्रत्येक वेळी ग्लासात नाक घालतो, डोळे मिटतो, बराच वेळ घेतो आणि म्हणतो, "द्राक्षांचा."

शास्त्रीबुवा खाली बसतात.

त्यांच्या या शास्त्राचा उगम नोकरीत आहे. उभं आयुष्य त्यांनी वाइनच्या कारखान्यांत स्टीलच्या टाक्या बसवल्या, जोडल्या आणि दुरुस्त केल्या. आणि प्रोसेकोचा जीव टाकीतच आहे. साधी पांढरी वाइन घ्यायची, बंद टाकीत भरायची, साखर आणि यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, टाकी बंद असल्यानं तो पळू शकत नाही, वाइनमध्येच विरघळतो. मग दाब कायम ठेवून थंडगार बाटल्या भरायच्या. महिना-दोन महिन्यांत काम होतं आणि द्राक्षाचा ताजा वास शाबूत राहतो. हे डोकं लढवलं आस्तीच्या फेदेरिको मार्तिनोत्तींनी. त्यांनी 1895 साली पेटंट घेतलं. पुढे 1907 मध्ये युजेन शार्मा नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी त्यात सुधारणा केली आणि जग या पद्धतीला 'शार्मा' म्हणू लागलं. मुलीला पहिल्यांदा वाटलं, कुणी आपल्याकडचे शर्मा असतील. शास्त्रीबुवांना ही गोष्ट अजून लागते. 'शार्मा' शब्द निघाला की ते शांतपणे, पण दर वेळी म्हणतात, "मार्तिनोत्ती." जेवणात तीन वेळा निघाला तर तीन वेळा.

टेकडीवर त्यांच्या स्वतःच्या वेलांच्या चार रांगा आहेत. बहुतेक द्राक्षं सहकारी संस्थेला जातात. थोडी मागे ठेवून ते जुन्या पद्धतीची 'कोल फोन्दो' करतात. टाकी नाही, काही नाही. वसंतात वाइन बाटलीत भरायची, ऊब आली की ती बाटलीतच पुन्हा आंबते, आणि यीस्टचा गाळ तळाशी तसाच राहतो. दिसायला गढूळ, चवीला कोरडी, मागे किंचित कडवट. टाकीच्या या पुजाऱ्याच्या घरी टाकी न लागणारी प्रोसेको कशी, असं मी एकदा विचारलं. उत्तर तुम्हाला ठाऊक आहेच: दिपेन्दे. ही वाइन भरायची ती चंद्र वाढत असताना. ढग असले तर शास्त्रीबुवा रात्री अंगणात उभे राहून आकाशाला ओस्त्रेगा म्हणतात. पंचांग त्यांच्या फोनमध्ये आहे, पण फोनवर विश्वास नाही.

बाहेरच्या जगाशी त्यांचे दोन जुने वाद आहेत. पहिला डब्याचा. 2006 साली पॅरिस हिल्टन अंगाला सोनेरी रंग लावून डबाबंद प्रोसेकोच्या जाहिरातीत झळकली आणि या टेकड्यांवर शोककळा पसरली. 2009 मध्ये नियम कडक झाले. द्राक्षाला ग्लेरा म्हणायचं ठरलं, प्रोसेको हे नाव ईशान्य इटलीतल्या ठरावीक नऊ प्रांतांपुरतं राहिलं, आणि इथल्या टेकड्यांना सर्वांत वरचा दर्जा मिळाला. डब्यात भरलेलं काहीही आता प्रोसेको नाही. शास्त्रीबुवा ही हकिगत न्यायनिवाड्यासारखी सांगतात. शास्त्रीणबाई एवढीच भर घालतात की जाहिरातीचं ते मासिक अजून तळघरात आहे. "पुरावा म्हणून," शास्त्रीबुवा म्हणतात.

दुसरा वाद सपाटीचा. प्रोसेकोच्या वर्षाला 60 कोटींहून जास्त बाटल्या निघतात. त्या बहुतेक सपाट जमिनीवरच्या. या टेकड्यांवरच्या फक्त 9-10 कोटी. आणि टेकड्यांतही कार्तित्से म्हणून एक उभा डाग आहे, 107 हेक्टरांचा, तिथली सगळ्यांत मानाची. दुकानात कुणी सपाटीवरची स्वस्त बाटली उचलली तर शास्त्रीबुवा त्या अनोळखी माणसाला रत्नागिरीच्या बागाईतदारानं कर्नाटकी आंबा घेणाऱ्याला गाठावं तसं गाठतात. आधी वाईट वाटून घेतात, मग माहिती देतात, शेवटी स्वतःच्या हातानं त्याच्या टोपलीतली बाटली बदलतात. मला माझे मामा आठवतात. आंब्याच्या पेटीवरचं गवत हुंगून ते बागेचं नाव सांगायचे आणि आम्ही भाचरंडं त्यांच्या मागे मोठमोठ्यानं हुंगत हिंडायचो.

पण खरं शास्त्र सुरू होतं ताटापाशी.

पहिला धडा साखरेचा, कारण तिथेच सगळे फसतात. बाटलीवर 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेलं असतं आणि माणूस समजतो, सगळ्यांत कोरडी हीच. तसं नाही. लिटरमागे 12 ग्रॅमपर्यंत साखर असेल तर 'ब्रुत', 12 ते 17 असेल तर 'एक्स्ट्रा ड्राय', आणि 17 ते 32 असेल तर नुसती 'ड्राय', म्हणजे चक्क गोडसर. हे कुणी ठरवलं विचारू नका. मी विचारलं आणि भाजी करपली.

ब्रुत घ्यायची ती खारट, तुपकट, समुद्राच्या गोष्टींबरोबर. सुकवलेला कॉड मासा तेलात घोटून घोटून लोण्यासारखा पांढरा करतात, तो 'बक्काला मान्तेकातो' आणि त्याबरोबर पोलेंताचा, म्हणजे मक्याच्या घट्ट पिठल्याचा, भाजलेला तुकडा, वर ब्रुत. बुडबुडे जिभेवरचं तेल उचलून नेतात आणि दुसरा घास पहिल्यासारखा लागतो. व्हेनिसचे 'सार्दे इन साओर' म्हणजे तळलेल्या तारल्या, त्यावर शिजवलेला कांदा, व्हिनेगर, मनुका आणि चिलगोजे. यात आंबटगोड दोन्ही आहे, म्हणून एक्स्ट्रा ड्राय. त्रेव्हिझोचा लाल रादिक्यो हिवाळ्यातला आणि कडवट, त्याच्या रिसोत्तोलाही तीच, कारण कडूला थोडं गोड सोबतीला लागतं. गावच्या जाड सोप्रेसा सलामीला गढूळ कोल फोन्दो. कार्तित्से शक्यतो शेवटी, ईस्टरच्या 'फुगासा' नावाच्या हलक्या गोड ब्रेडबरोबर. आणि तिरामिसू? तिरामिसूचा जन्म त्रेव्हिझोचाच, त्याचा अभिमान शास्त्रीबुवांना पुरेपूर आहे. पण त्याबरोबर कुणी ब्रुत घेतली तर ते खोलीतून उठून जातात. कॉफी आणि कोकोपुढे बिचारी वाइन नुसती आंबट लागते. व्हिनेगरमध्ये न्हालेलं सॅलड हा दुसरा गुन्हा.

आम्ही शाकाहारी, म्हणून माझ्यासाठी त्यांनी वेगळं प्रकरण तयार केलं: कासातेल्ला हे इथलं मऊ चीज, पांढरं शतावर आणि उकडलेली अंडी. अंडं शाकाहारी की मांसाहारी यावर आमच्यात काही आठवडे चर्चा चालली. शेवटी आमच्या बाजूनं मीच 'दिपेन्दे' म्हटलं. त्यांना इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी नळ दुरुस्त झाला.

या सगळ्या नियमांना घरातच सुरुंग लागलेला आहे. शास्त्रीणबाई मोदेनाच्या. मोदेना म्हणजे लाम्ब्रुस्कोचा मुलूख, आणि लाम्ब्रुस्को म्हणजे फेसाळणारी लाल वाइन. लाल! या माणसानं चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी लाल बुडबुड्यांच्या घरात लग्न केलं आणि सासऱ्यांपुढे पहिली लाम्ब्रुस्को प्यावी लागली, ती कथा ते आंतरजातीय विवाहाच्या कथेसारखी सांगतात. शास्त्रीणबाईंचं म्हणणं सरळ आहे. डुकराचं मांस, मोर्तादेल्ला, तळलेला गरमागरम 'न्योक्को फ्रित्तो' असलं भक्कम जेवण समोर असताना सफरचंदाच्या वासाची वाइन काय कामाची? तिथे थोडी तुरट, कोरडी, फेसाळ लाम्ब्रुस्कोच हवी, तीच चरबी कापते. हे खरं आहे आणि शास्त्रीबुवांना ते ठाऊक आहे. नववर्षाच्या रात्री त्यांच्या घरी मसूर आणि 'कोतेकिनो' सॉसेज होतं, तेव्हा ते बायकोच्या बाटलीतून ओतून घेतात. पण ग्लास टेबलाखाली धरून.

मुलगा मिलानला. नाताळाला तो फ्रांचाकोर्ता आणतो. ती लोम्बार्दीतली, ब्रेशाजवळची. शॅम्पेनसारखी, म्हणजे दुसऱ्यांदा आंबते ती बाटलीतच, आणि यीस्टच्या गाळावर किमान 18 महिने पडून राहते. तिचे बुडबुडे बारीक, चवीला बदाम आणि ब्रेडची खरपूस साल. मुलगा हे सगळं ग्लास फिरवत सांगतो. बाप ऐकतो आणि म्हणतो, "ब्रेडचा वास हवा असेल तर बेकरीत जा. अठरा महिने ते लोक करतात काय? वाट बघतात. वाट बघायला टाकी बसवणारा लागतो का?" मुलगा म्हणतो, "बाबा, तुमची कोल फोन्दोही बाटलीतच आंबते." त्यानंतर टेबलावर थोडा वेळ फक्त काटे-चमचे वाजतात.

जावई पिएमोन्तेचा. तो आस्ती आणतो. मोस्कातो द्राक्षाची, गोड, अल्कोहोल साधारण 7 टक्के. गोडी राहते कारण आंबणं मधेच थंड करून थांबवतात. पानेत्तोने या नाताळाच्या केकबरोबर अर्धी इटली हीच पिते. शास्त्रीबुवांना गोड वाइन म्हणजे पोरखेळ. पण जावयाला बोलता येत नाही. एक तर तो जावई, त्यात ही वाइन टाकीत होते, आणि वर मार्तिनोत्ती आस्तीचे. तेव्हा ते एक घोट घेतात, डोळे मिटतात आणि "टाकी चांगली आहे" एवढंच म्हणतात.

अशा रीतीनं नाताळाच्या टेबलावर चार प्रांतांच्या चार बाटल्या उभ्या राहतात, प्रत्येक जण आपापल्या बाटलीची बाजू लढवतो, आणि इटलीचं एकीकरण 1861 साली झालं हे पुस्तकात छापलेलं वाक्य घाईचं वाटायला लागतं.

स्प्रित्सचं सांगायचं राहिलं. पादोव्हामध्ये 1919 साली आपेरोल निघालं, आणि आता जिकडेतिकडे प्रोसेकोत आपेरोल आणि सोडा ओतून नारिंगी ग्लास फिरत असतात. शास्त्रीबुवा याला 'सरबत' म्हणतात. प्रोसेकोचं असं करायचं तर ती केली कशाला, वगैरे. रविवारी सकाळी मात्र चर्चसमोरच्या चौकात, काळा चष्मा लावून, बायकोबरोबर बसलेला एक माणूस नारिंगी ग्लास हातात धरून दिसतो. मी हात केला तर ओळख देत नाही.

आमच्या स्वयंपाकघराचा शोध त्यांना बटाटेवड्याच्या वासानं लागला. ते वर आले ते थेट एक्स्ट्रा ड्रायची बाटली घेऊनच. वडा, बाजूला चिंचेची चटणी आणि थंड प्रोसेको. त्यांनी एक घास घेतला, एक घोट घेतला, पुन्हा एक घास. मग पेन्सिल काढून कागदाच्या रुमालावर काहीतरी लिहिलं. तळणीचं तेल बुडबुडे नेतात, बटाट्याला आंबटपणा उठाव देतो, चटणीच्या गोडीला एक्स्ट्रा ड्रायची गोडी पुरते. "हा पदार्थ आमचाच आहे," ते म्हणाले. "तुमच्याकडे चुकून गेला."

मग त्यांची नजर ठेच्यावर गेली. नवऱ्यानं हात आडवा केला, मी "नको" म्हटलं, मुलीनं तर चक्क वाटी उचलली. पण विद्वान माणसाला अडवणार कोण? त्यांनी पोलेंताला लावावा तितका ठेचा वड्याला लावला, आणि आग विझवायला वरून ब्रुतचा मोठा घोट घेतला. तिखटावर फेसाळ वाइन म्हणजे आगीत रॉकेल. बुडबुडे टोचतात, अल्कोहोल जाळतं, मिरची दुप्पट होते. ते लाल झाले, मग पांढरे झाले. शास्त्रीणबाईंनी खालून धावत दूध आणलं. बोलण्याजोगे झाल्यावर त्यांनी रुमालावरच्या टिपणाखाली एक ओळ वाढवली: 'याच्याबरोबर दूध. मोदेनाचं चालेल.' लग्नानंतर त्यांनी बायकोच्या गावाला दिलेली ही पहिली कबुली, असं त्या सांगतात.

होळीला मी पुरणपोळी केली. तळघरातून कार्तित्से वर आली, मोठ्या थाटात. चव बघितली. पोळी इतकी गोड आणि तुपाळ की कार्तित्से तिच्यापुढे फिकी, आंबट आणि जराशी रागावलेली लागली. सगळे गप्प. नवऱ्यानं आमच्या फ्रिजमधून जावईबापूंची नाताळातली उरलेली आस्ती काढली. वेलदोडा, गूळ, जायफळ आणि मोस्कातोचा फुलांचा वास, यांचं असं काही जमलं की शास्त्रीबुवांनी दुसरी पोळी मागून घेतली. मी मुद्दामच विचारलं, "मग काय, गोड वाइन चालते?"

"दिपेन्दे," ते म्हणाले. मार्तिनोत्तींचं नाव त्या दिवशी त्यांनी घेतलं नाही.

आमच्या महाराष्ट्रात वाइन होते का, हेही त्यांनी विचारून घेतलं. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून 'फ्रातेल्ली' काढली, तिथे इटलीचं सांजोव्हेझे द्राक्ष लावलं, वाइन करायला तोस्कानाहून पिएरो मासी आले, असं मी सांगितलं. तोस्काना ऐकून त्यांच्या भुवया एकत्र आल्या. व्हेनेतोचा माणूस कुणालाच सुचला नाही? मग फेस येतो का विचारलं. शेनिन ब्लांकची एक फेसाळ करतात म्हटल्यावर ते जरा सैल झाले. उन्हाळ्यात तापमान किती जातं? "40 च्या वर," मी म्हटलं. शास्त्रीबुवांनी थर्मामीटरवर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "तिथे टाकी थंड कोण ठेवतं? तो तोस्कानाचा माणूस राहू दे बाजूला. मला त्या टाकीवाल्याला भेटायचंय."

आता अलीकडची गोष्ट. डॉक्टरांनी त्यांना बजावलं: दिवसाला एक ग्लास, तोही जेवणाबरोबर. दोन दिवस घरात सुतक होतं. तिसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी त्या वाक्याचा नीट अभ्यास केला आणि त्यात जागा निघाली. 'जेवण' कशाला म्हणायचं? एक ऑलिव्ह, एक चीजचा तुकडा, हेही व्याख्येत बसवता येतं, असं त्यांचं मत पडलं. ते शास्त्रीणबाईंनी लगेच फेटाळलं आणि ग्लासावर नेलपॉलिशनं रेघ मारली. 125 मिलीलिटर.

मग त्यांनी गणित मांडलं. बाटली 750 मिलीलिटरची, म्हणजे सहा ग्लास. स्वतःचा एक गेला, पाच उरले. उघडलेली बाटली संध्याकाळपर्यंत मरगळते. तोंडात चमचा अडकवून ठेवला की फेस राहतो म्हणतात, तो भाकडकथेचा प्रकार. दाबाचं झाकण मिळतं बाजारात, मुलानं मिलानहून आणूनही दिलं. शास्त्रीबुवांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "काम चांगलं केलंय. ज्यांना शेजारी नसतील त्यांच्यासाठी."

तेव्हापासून रोज साडेअकराला जिन्यातून हाक येते. "सिन्योरा! तुम्ही दोघं आहात का?" आम्ही दोघं, शास्त्रीणबाई, म्हणजे शास्त्रीबुवांसकट चार. समोरचा सुतार पाचवा. सहावा मिळेपर्यंत बाटली उघडत नाही, आणि सहावा बहुधा पोस्टमन असतो. पूर्वी आमचं टपाल दुपारी दोनला यायचं, हल्ली बरोबर साडेअकराला येतं. पोस्टमनला त्यांनी वासाच्या परीक्षेत बसवलं, तर तो पहिल्याच झटक्यात "विस्टेरिया" म्हणाला. त्याला आता सोप्रेसाचा जाड तुकडा मिळतो.

परवा पोस्टमनच्या रजेचा दिवस होता. खाली साडेअकरा वाजले, पावणेबारा झाले. बादलीतलं पाणी थंड, थर्मामीटर 7 वर, बूच जागच्या जागी, आणि शास्त्रीबुवा फाटकात उभे राहून रस्त्यानं जाणाऱ्या सायकलवाल्यांना बघतायत. शास्त्रीणबाई खिडकीतून मला म्हणाल्या, "बघ ग बाई. डॉक्टरनं याची दारू कमी केली, आणि अख्ख्या गावाची वाढवली."

तेवढ्यात खालून आवाज आला, "ओस्त्रेगा! जर्मन आहे, पण चालेल!"